ओढ्याची हद्द कोण राखणार?

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. कोकणात भरतीच्या रेषेपासून अंतर मोजून बांधकामाला अटकाव करणारा नियम 1991 सालीच आला. पुढे तो 2011 आणि 2019 मध्ये बदलला, त्यातून पळवाटाही निघाल्या, पण भांडायला निदान एक रेषा तरी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ओढ्या-नाल्यांची आणि गावतळ्यांची अशी रेषा कुठे आहे? ती गावनकाशावर आहे, जागेवर नाही. जागेवर नाही म्हणूनच ती दरसाल थोडी थोडी आत सरकते आहे.

हे कसे घडते ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दोन-तीन वर्षे पाऊस कमी झाला की ओढा कोरडा पडतो. मग कुणी त्यात विहिरीचा मलबा टाकतो, कुणी बांध रेटून चार सऱ्या वाढवतो. रस्त्याकडेची जमीन असेल तर जेसीबी येतो, मुरूम पडतो, प्लॉट पडतात आणि वीस फुटी ओढ्याच्या जागी दोन सिमेंटच्या नळ्या उरतात. विचारले तर उत्तर तयार असते, ‘‘पाणीच येत नाही, तर ओढा कशाला पाहिजे?’’

पण पाणी येते, आणि येते तेव्हा विचारून येत नाही. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस शेवगाव-पाथर्डी भागात एका रात्रीच्या पावसाने नदीकाठच्या गावांची दाणादाण उडाली. सप्टेंबर 2025 मध्ये जिल्ह्याच्या दक्षिण भागाने तोच अनुभव पुन्हा घेतला. पाऊस कुणाच्या हातात नाही हे खरे. पण दोन नळ्यांतून न मावणारे पाणी शेजारच्या उभ्या पिकात शिरते तेव्हा त्याला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून मोकळे होता येत नाही. आणि दुष्काळी साली हेच ओढे विहिरींना पाझर देतात. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

ओढा-तळे बेवारस असते, हा समज मुळातच चुकीचा आहे. जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 20 सांगते की खासगी मालकी नसलेले नद्या, ओढे, नाले, तळी यांचे पात्र सरकारच्या मालकीचे आहे. ओढा खातेदाराच्या गटातून जात असला तरी सगळेच मोकळे नसते. सातबारावर पोटखराबा ‘अ’ आणि ‘ब’ असा लिहितात. खडक-मुरमाचा तो ‘अ’. रस्ता, पायवाट, किंवा खातेदाराशिवाय इतर लोकही ज्याचे पाणी वापरतात असे तळे वा ओढा, तो ‘ब’. हा ‘ब’ सार्वजनिक उपयोगासाठी राखलेला आहे. आपला सातबारा एकदा काढून बघावा.

मोठ्या पाणथळींना कायद्याचे कवच आहे. शेवगाव-नेवासे तालुक्यांच्या कडेला पसरलेला नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तिथे वन्यजीव कायदा लागू होतो. कोपरगाव-राहात्याच्या कालव्यांना पाणी देणारे नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत गेले. पण गावच्या पाण्याचे काय? केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांतून नद्यांची पात्रे वगळली आहेत, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलावही वगळले आहेत. म्हणजे आपले ओढे, आपले पाझर तलाव, बहुतेक गावतळी त्या कवचाबाहेर! दिल्ली-मुंबईचे कुणी त्यांच्या राखणीला येणार नाही. राखण गावालाच करायची आहे.

आणि इथेच घोडे पेंड खाते. गावठाणातल्या बांधकामावर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 ने पंचायतीचे नियंत्रण आहे. सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागांवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार कलम 53 देते. गावठाणाबाहेरच्या कामाचे कागद महसूल आणि नगररचना खात्याच्या टेबलावर जातात. धरण-तलाव जलसंपदा किंवा जलसंधारण खात्याकडे. मोठ्या नद्यांची पूररेषा जलसंपदा आखते. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. छोट्या ओढ्याला ना निळी ना लाल! तक्रार घेऊन गेलेला शेतकरी ग्रामपंचायतीतून तहसीलला, तहसीलमधून भूमी अभिलेखला आणि तिथून पुन्हा ग्रामपंचायतीत येतो. तोवर स्लॅब पडलेला असतो.

स्लॅब पडल्यावरचा खेळ आणखी न्यारा. बांधकामाची नोंद नमुना 8 ला होते, घरपट्टीची पावती फाटते, त्या पावतीवर वीजजोड मिळतो आणि पाच वर्षांनी मालक म्हणतो, ‘‘मी तर कर भरतोय!’’ कर घेतला म्हणून जागा त्याची होत नाही, हे ग्रामपंचायतीला कळत नाही असे नाही. पण मतांचे गणित आडवे येते. कुंपणच शेत खायला लागले तर दाद कुणाकडे मागायची?

दाद मागता येते. पंजाबातल्या पतियाळा जिल्ह्यात एका गावाचे तळे बुजवून घरे बांधली गेली. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात ती बांधकामे कायम करण्यास नकार दिला. गावाच्या सार्वजनिक जागा मोकळ्या करून ग्रामसभेला परत देण्याच्या योजना आखा, असे सर्व राज्यांना सांगितले. त्यानंतर 12 जुलै 2011 रोजी आपल्या राज्यानेही शासन निर्णय काढला. शिवाय सरकारी वा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्य कलम 14 (1) (ज-3) खाली अपात्र ठरतो. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा लाभ घेणाऱ्या सदस्यालाही हे लागू आहे, असे 2018 च्या जनाबाई निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. खुर्चीवर बसलेल्यांनी आधी आपले अंगण तपासावे.

ज्याच्या शेतात पाणी तुंबते त्याच्यासाठी जुना पण धारदार इलाज आहे, तो म्हणजे मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चे कलम 5. पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कुणी बेकायदा अडथळा केला आणि त्याने शेतीचे नुकसान झाले किंवा होण्याची शक्यता असली, तर तहसीलदार तो अडथळा दूर करायला लावू शकतात. अट एकच, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. ‘भाऊबंदकी नको, पुढच्या पावसाळ्यात बघू’ म्हणणाऱ्याची मुदत निघून जाते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. ओढ्याकाठी झोपडी घालून राहणारा भूमिहीन मजूर आणि ओढा बुजवून प्लॉट विकणारा यांना एका मापाने मोजता येणार नाही. अतिक्रमण हटाव म्हटले की पहिला जेसीबी झोपडीकडे वळतो, हा आजवरचा अनुभव आहे. भूमिहीनांना सरकारनेच पट्ट्याने दिलेल्या जागांसारख्या अपवादांचा विचार 2011 च्या निकालानेही केला आहे. पुराच्या तोंडावर राहणाऱ्या कुटुंबाला आधी गावठाणात जागा, घरकुल, आणि मगच हलवणे, हाच न्याय. प्लॉटवाल्याला मात्र मुदतवाढीची खिरापत नको.

मग करायचे काय? येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्यावेत. पहिला, गावनकाशावरून प्रत्येक ओढा, नाला, तळे यांची यादी करावी, भूमी अभिलेखकडे मोजणी मागावी आणि हद्दीवर दगड रोवावेत. दुसरा, ग्राम महसूल अधिकाऱ्याने अतिक्रमणाची नोंदवही, म्हणजे गाव नमुना एक-ई, ग्रामसभेत वाचून दाखवावी. नोंदवही कोरी निघाली तर तेही गावाला कळू द्या. तिसरा, ओढ्या-तळ्याला लागून असलेल्या कोणत्याही बांधकामाला स्थळपाहणीच्या लेखी अहवालाशिवाय ना हरकत दाखला देऊ नये, आणि त्या अहवालावर नाव-सही असावी. सही असली की जबाबदारी पळून जात नाही.

गाव असे नियम पाळते का, असे कुणी विचारील. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल नको, बाहेरच्यांना जमीन विकायची नाही असे निर्णय ग्रामसभेत घेतले आणि वर्षानुवर्षे पाळले. त्यासाठी वेगळा कायदा लागला नाही, गावाचा शब्द लागला.

मोजणीचे दगड उन्हाळ्यात, ओढा कोरडा असताना रोवायचे असतात. पावसाळ्यात हद्द पाणी दाखवते, पण तेव्हा ते कुणाच्या तरी घरात शिरलेले असते.