कोडिंग शिकायचंय? मग गावातली एक वही उघडा

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. कॉम्प्युटरशी कागदोपत्री माझा काही संबंध नाही. तरी सगळ्यांसारखं मीही यूट्यूबवर वेब डेव्हलपमेंट शिकायला बसलो. सहा महिन्यांत कॅल्क्युलेटर केला, टू-डू लिस्ट केली, नेटफ्लिक्सच्या पहिल्या पानाची नक्कलसुद्धा केली. व्हिडिओ चालू असताना सगळं समजायचं. कोरी फाईल उघडली की हात थांबायचे.

एकदा आमच्या गावच्या वाचनालयातले काका म्हणाले, "एवढं शिकतोयस, तर आमच्या पुस्तकांची यादी मोबाईलवर दिसंल असं काय तर कर की रे." साधारण नऊशे पुस्तकं, मराठी आणि थोडी कन्नड, सगळी एका रजिस्टरात. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे फक्त काकांना ठाऊक.

त्या यादीनं मला सहा महिन्यांच्या व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवलं.

आधी बटणं केली. 'ऐतिहासिक'ची मात्रा वरून कापली गेली, 'कुमार साहित्य'चा उकार खालून. ओळीची उंची मी इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठेवली होती. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग दिलं तर शिरोरेषाच तुटली.

मग 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसायला लागले. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये पानाची भाषा सांगायची सोय असते. व्हिडिओत तिथं इंग्रजीचं 'ईएन' होतं, मी तेच उतरवलं होतं. तिथं मराठीचं 'एमआर' घातलं आणि मराठी वळण असलेला फॉन्ट लावला, तेव्हा अक्षरं आपली वाटली. कन्नड पुस्तकांच्या नावांना 'केएन' लावलं. अंध वाचकांचं स्क्रीन रीडरसुद्धा याच खुणेवरून कुठल्या भाषेत वाचायचं ते ठरवतं.

शेवटी काकांनी शोधून बघितलं, 'वाऱ्यावरची वरात'. उत्तर आलं, काही सापडलं नाही. पुस्तक तर समोरच्या कपाटात! कारण 'ऱ्या' दोन प्रकारे टाईप होतं. एकात नुक्त्याचा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र' आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच, ब्राउझरच्या लेखी वेगळे. शोधण्याआधी दोन्ही एका रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहायला माझ्या दोन रात्री गेल्या.

मित्र म्हणतात, "हे सोड, रिअ‍ॅक्ट शीक. बेंगळूर-पुण्यात नोकरी त्यावर मिळते." बरोबर आहे, नोकरी मलाही हवी. पण रिअ‍ॅक्टच्या खाली एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टच असतं. आणि नेटफ्लिक्सची नक्कल कोणी वापरत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. मी शिकलो ते काकांच्या तक्रारीतून.

दुसरं म्हणजे, कापलेली मात्रा मराठी वाचणाऱ्यालाच टोचते. पाटीवर मराठी हवी म्हणून आपण बोलतो, आणि स्वतः पान करताना भाषेच्या जागी 'ईएन' तसंच ठेवतो. हे तरी आपल्या हातात आहे ना?

सुरुवात अवघड नाही. फ्रीकोडकॅम्पवर एचटीएमएल-सीएसएसचे धडे फुकट आहेत. महिनाभर ते करा आणि थांबा. मग स्वतःचं एक काम घ्या. अडलं की एमडीएनवर तेवढंच वाचा. ते इंग्रजीत आहे, जड जातं. दोघांनी मिळून वाचलं तर जमतं. पान गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतं. आणि घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाईलवर उघडून बघा.

आता काकांची पुढची मागणी आलीय, "कुठलं पुस्तक बाहेर गेलंय ते पण दिसू दे." ते मला अजून येत नाही. म्हणून सध्या तेच शिकतोय.

तुमच्या गावात अशी कुठली वही आहे? दूध डेअरीची, तालमीची, भजनी मंडळाची? ती मागून आणा आणि तिथून सुरू करा.