तणनाशकाचा हिशेब कुणी मांडायचा?

मैत्रिणींनो, आटपाडी म्हटलं की पूर्वी माणदेशाचा उजाड माळ, मेंढरं आणि दुष्काळ एवढंच डोळ्यांपुढं यायचं. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं इथं पाणी परिषदा भरल्या, वर्षानुवर्षं लढा चालला आणि टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी वर चढून आलं. पण पाणी पिकाला मिळतं तसं तणालाही मिळतं. हरळी, लव्हाळा, काँग्रेस गवत माजलं, की कृषी सेवा केंद्रातून तणनाशकाचा कॅन घरी येतो.

खुरपणी हे आजवर बाईचंच काम. दिवसभर वाकून कंबर धरते, हे खरं. पण त्याच खुरप्यावर कितीतरी घरांत तेलमीठ आलं, पोरांच्या वह्या आल्या. आता बायकांच्या टोळीचं काम एकटा गडी पाठीवर पंप घेऊन उरकतो. शेतकऱ्याला तरी दोष कसा द्यायचा? मजूर वेळेवर मिळत नाहीत, मिळाले तर रोज परवडत नाही. मात्र त्याच्या हिशेबात बाईची बुडालेली मजुरी कुठंच धरलेली नसते. बांधावरची पाथरी, तांदुळजा, घोळ ही फुकटची भाजी आणि शेळीचा चारा गेला, तोही धरलेला नसतो.

आता तब्येतीचं बघू. सगळ्यांत जास्त खपणारं तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. पानावर पडलं की ते मुळापर्यंत उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याची नोंद ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशी केली. सगळ्यांना हे पटलेलं नाही. युरोपीय संघानं २०२३ मध्ये त्याला आणखी दहा वर्षांची मुदत दिली. आपल्याकडं त्याची मूळ परवानगी चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरती होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला, की त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करावी. आता सांगा, आपल्या वस्तीवर असा परवानेवाला कधी कुणी पाहिलाय?

दुसरं पॅराक्वाट. त्याचा घोट पोटात गेला तर फुप्फुसं निकामी होतात आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे. म्हणून उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून फडताळात ठेवणं म्हणजे घरात साप पाळणं. लेकराला काय कळतंय, बाटलीत सरबत आहे का विष!

यवतमाळ आठवा. २०१७ मध्ये तिथं कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती औषधं वेगळी होती, पण ना हातमोजे, ना मास्क, ही गत तीच. आणि पंप नवऱ्याच्या पाठीवर असला तरी पाण्याची घागर आपण देतो, औषधानं भिजलेले कपडे आपणच धुतो.

तेव्हा एवढं तरी करूया. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, हातमोजे घालून वेगळे धुवायचे. रिकामा कॅन पाण्याला, धान्याला वापरायचा नाही. भोकं पाडून निकामी करायचा. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या रानात नकोत. फवारलेल्या बांधाची भाजी खुडायची नाही, शेळी सोडायची नाही. चुकून पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, औषधाची चिठ्ठी घेऊन तडक दवाखाना गाठा.

आणि कॅन विकत घ्यायच्या आधी घरात विषय काढा. उसात पाचटाचं आच्छादन, सरीत कोळपं, डाळिंबाच्या दोन ओळींत गवत कापायचं यंत्र, शेजारणींशी पैरा करून खुरपणी, यातलं काय जमतं ते बघा. सगळं जमेल असं नाही, कधी फवारावंही लागेल. पण मजुरी आपली बुडते आणि विष आपल्या हातांना लागतं, तर त्या निर्णयात आपलाही शब्द हवाच ना?