दुखणे सोसणे म्हणजे सब्र नव्हे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, झाडे पडून रस्ते अडले, वीज गेली, मोबाईल बंद पडले. अशा वेळी नागावात कुणाच्या छातीत कळ आली तर १०८ ला फोन लावायचा कसा? अलिबागचे जिल्हा रुग्णालय जवळ असूनही दूरच!

असह्य कळा सोसत घरी पडून राहणे म्हणजे सब्र नव्हे. इलाज करणे ही सुन्नत आहे. म्हणून मे महिन्यातच ग्रामपंचायत, मशीद आणि मंदिराच्या मंडळींनी एकत्र बसावे. करवत कुणाकडे, गाडी कुणाची, जवळचा डॉक्टर कोण, हे ठरवून ठेवावे. वादळात सरकारच्या आधी शेजारीच पोहोचतो.