शहराची राखण कोणी करावयाची?

पूर्वी गावगाड्यात रात्रीच्या राखणीला जागल्या असे. कोणाच्या घरी परका माणूस उतरला आहे, कोणाची कोणाशी बांधावरून तेढ आहे, कोणत्या घरात दारू पिऊन बायकोला मारहाण होते, हे सर्व त्यास पाटलाच्या आधी ठाऊक असे. पण चावडीत निवाडा बसला म्हणजे हा जागल्या उंबऱ्याबाहेर उभा आणि आत लोडाला टेकून बसलेली मंडळी निराळीच! ज्याने गाव राखले त्यास गावाच्या राखणीविषयी तोंड उघडण्याची मुभा नव्हती. ही रीत चावडीबरोबरच मोडली असती तर तिची आठवण काढण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु ती आजही आमच्या शहरांत मोठ्या डौलाने नांदत आहे, म्हणून चार शब्द लिहिणे भाग पडते.

शहरात दंगा झाला, भर रस्त्यात खून पडला, एखाद्या पोरीवर अत्याचार झाला, की दोन-चार दिवस आरडाओरड होते. मग पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. गणेशोत्सव, मोहरम, ईद जवळ आली की पुन्हा भरते. खुर्च्या मांडल्या जातात, चहा फिरतो, 'सर्वांनी सलोख्याने राहावे' असे भाषण होते, फोटो निघतो आणि मंडळी आपापल्या मोटारीत बसून घरी जातात. त्या बैठकीत हातगाडीवाला नसतो, हमाल नसतो, यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामकरी नसतो, पहाटे रस्ता झाडणारी बाई नसते. म्हणजे ज्यांची डोकी फुटतात ते बाहेर आणि ज्यांच्या बंगल्याला दगडही लागत नाही ते आत!

आमचे म्हणणे असे की, महाराष्ट्रातील प्रत्येक महानगरपालिकेने ठराव करून लोकांची सुरक्षितता व हिंसेचा प्रतिबंध यांसाठी एक कायमचे सल्लागार मंडळ नेमावे. दंगा झाल्यावर जागे होणारे नव्हे, तर दंगा होऊ नये म्हणून बारा महिने काम करणारे.

यावर आमचा खेड्यातला वाचक म्हणेल, 'शहराच्या या उठाठेवीशी आमचा काय संबंध?' बाबा रे, तुझा धाकटा मुलगा कोठे आहे? भिवंडीत मागावर, नवी मुंबईत बाजार समितीत पाठीवर पोती घेऊन, नाहीतर पुण्यात इमारतीच्या कामावर! शहर पेटले की त्याचा रोज बुडतो आणि तुझी मनिऑर्डर थांबते. त्याच्या झोपडीस आग लागली तर तुझ्याच घरचे माणूस उघड्यावर पडते. तू शहरात राहत नसशील. पण तुझे पोट निम्मे शहरात आहे.

मुंबईत डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये जे झाले त्याची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने केली. त्या आयोगाच्या हिशेबाप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते, बाकीच्यांत ४५ जणांची ओळखच पटली नाही. या ९०० पैकी ३५६ माणसे पोलिसांच्या गोळीबाराने मेली, तर ३४७ भोसकाभोसकीत. हे आकडे दोनदा वाचावेत. आयोगाचा अहवाल १९९८ साली सरकारच्या हाती पडला, म्हणजे मढी पुरून-जाळून पाच वर्षे झाल्यावर. मध्यंतरी १९९६ साली तर राज्य सरकारने तो आयोगच गुंडाळून ठेवला होता. काही महिन्यांनी पुन्हा सुरू केला. चौकशी आयोग हा मेलेल्यांचा हिशेब ठेवतो. तो हिशेब हवाच. पण जिवंत माणसांची काळजी वाहणारे मंडळ त्याहून अगोदर हवे.

असे काम होऊ शकते काय? होऊ शकते, आणि ते आमच्याच मुलखात झाले आहे. भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. १९७० साली तेथे शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भयंकर दंगा झाला व त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन यांनी केली. १९८४ साली भिवंडी पुन्हा पेटली. पुढे १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त तेथे आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू व मुसलमान, ठाण्यातला शिपाई व मोहल्ल्यातला साधा माणूस एका सतरंजीवर बसू लागले. नळाचे भांडण, गटाराचे भांडण, पोरापोरांची हाणामारी, अशी लहानसहान प्रकरणे तेथे बोलली जाऊ लागली. लोकांस शिपायाचे नाव कळले, शिपायास लोकांची घरे कळली. पुढे डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई धडधडून जळत असता भिवंडी, जिचे नाव काढताच लोक कानावर हात ठेवीत, ती शांत राहिली! ही काही दैवी करामत नव्हे. चार वर्षे ज्यांनी एकत्र बसून गटाराचे भांडण मिटवले, त्यांच्यात अफवा पेरणाऱ्याचे बी रुजले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

परंतु गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून तंटा वाढला, गोळीबार झाला, माणसे मेली आणि दोन पोलीस शिपाई जमावाच्या हातून मारले गेले. ते शिपाई कोण? शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या घरातून भरती होणारे, आपल्याच पोरांसारखे. म्हणजे ठाण्याची जागा ठरविताना जो सल्ला घ्यावयाचा तो मनापासून घेतला नाही, तर त्याचे मोल अशा गरिबांच्या मुलांना द्यावे लागते. आणि एका भल्या अधिकाऱ्याच्या पुण्याईवर उभे राहिलेले काम त्याच्या बदलीनंतर तसेच टिकेल याची हमी कोणी द्यावी? विहीर खणणारा गेला तरी विहीर राहिली पाहिजे. यासाठीच हे मंडळ एखाद्या साहेबाच्या मर्जीवर नको. ते ठरावात, नियमांत व अंदाजपत्रकात लिहिलेले हवे.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा की, पोलीस हा राज्य सरकारचा विषय. नगरपालिकेने त्यात नाक का खुपसावे? पोलीस राज्याचे हे खरे. परंतु रस्त्यावरचे दिवे कोणाचे? सार्वजनिक संडास कोणाचे? दवाखाने, शाळा, बाजाराचे ओटे कोणाचे? घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १९९३ साली अमलात आली, ही कामे नगरपालिकांकडे सोपवावयाची म्हणून सांगितली आहेत. अंधाऱ्या बोळातून संडासास जाणाऱ्या बाईचे रक्षण बंदुकीने कमी व दिव्याने अधिक होते. फुटलेले डोके घेऊन माणूस अगोदर पालिकेच्या दवाखान्यात जातो, ठाण्यात मागाहून, आणि कित्येकदा जातही नाही. तेव्हा हिंसेची खरी वही पालिकेच्याच घरात आहे. ती उघडून वाचावी एवढेच आमचे मागणे.

दुसरा आक्षेप असा की, समित्या काय थोड्या आहेत म्हणून आणखी एक? हा आक्षेप खरा आहे व तो आम्ही झटकून टाकीत नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याच्या १९८९ च्या कायद्याखाली १९९५ साली जे नियम झाले, त्यांत प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असावी व तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी, असे स्पष्ट लिहिले आहे. वाचकहो, आपल्या जिल्ह्याची ही समिती शेवटची कधी बसली, हे कलेक्टर कचेरीत एक अर्ज टाकून विचारा. उत्तर आले नाही तर तेही एक उत्तरच समजा. समित्या कागदावर मरतात याचे कारण त्यांच्या बैठकीस कोणी बाहेरचा बसू शकत नाही आणि त्यांच्या सूचनेस उत्तर देणे कोणावर बंधनकारक नसते. उपाय म्हणजे समिती नाकारणे नव्हे, तर तिचे दार उघडे ठेवणे.

कोणी म्हणेल, हिंसा ही माणसाच्या स्वभावातच आहे, ती टळणार कशी? जोतीराव फुल्यांनी असा विचार केला नाही. ब्राह्मण विधवांची परवड होऊन जन्मलेली मुले मारली जात, तेव्हा त्या अभागी बायांस फासावर चढवून पाप संपेल असे त्यांनी मानले नाही. १८६३ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. नावातच पाहा, 'प्रतिबंधक' शब्द आहे! गुन्हा होण्याआधी त्याची वाट अडवावी, हा विचार आमच्या चळवळीच्या घरचाच आहे. तो परदेशातून आणावयास नको. पुणे नगरपालिकेचे सभासद असता दारूची दुकाने वाढली, तेव्हा १८८० साली त्यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. दारूचा गुत्ता आणि घरातली मारहाण यांचा संबंध त्यांस कळत होता.

परदेशीचा दाखला हवाच असेल तर कोलंबिया देशातील काली शहराचा घ्या. १९९२ साली रोद्रिगो गेरेरो नावाचे एक डॉक्टर तेथे महापौर झाले. खून फार होत; सर्वांची समजूत अशी की हा सारा अफूकोकेनच्या टोळ्यांचा खेळ. डॉक्टरांनी पटकीची साथ मोजावी तसे खून मोजावयास लावले. तेव्हा दिसले की फार खून शनिवार-रविवारी, रात्री, पगाराच्या दिवसांच्या आसपास व दारूच्या नशेत होतात. मग त्या दिवसांत हत्यार बाळगण्यास बंदी व दारूच्या वेळेस लगाम, असा उपाय केला आणि त्या रात्रींचे खून कमी झाले. आधी मोजा, मग बोला. एवढाच त्यातला धडा.

आणि मोजताना घराचे दार लावून घेऊ नका. सरकारच्या गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांवरील गुन्ह्यांपैकी सुमारे ३१ टक्के गुन्हे नवऱ्याने वा त्याच्या नातलगांनी केलेल्या छळाचे आहेत. म्हणजे बाईला सर्वांत मोठे भय रस्त्यावरच्या चोराचे नसून उंबऱ्याच्या आतले आहे. कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. त्या कायद्याचा संरक्षण अधिकारी कोण व कोठे बसतो, हे आपल्यापैकी किती भगिनींस ठाऊक आहे?

आता आमची खरी भीती सांगतो. 'सुरक्षितता' हा शब्द मोठा दगाबाज आहे. श्रीमंत वस्तीत सुरक्षितता म्हणजे फेरीवाल्यास हाकला, झोपडी उठवा, पारधी दिसला की ठाण्यात न्या. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; परंतु शिपायाच्या व शेजाऱ्याच्या मनातून तो गेला काय? चोरी झाली की पहिली धाड अजून पालावरच पडते. असल्या मनाच्या माणसांचे मंडळ होणार असेल तर ते न झालेले बरे!

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. मंडळात निम्म्या स्त्रिया असाव्यात. हातगाडीवाले, हमाल, मागावरचे व बांधकामावरचे कामकरी, सफाई कामगार, भटके-विमुक्त, दलित व मुसलमान यांची माणसे त्यांच्या त्यांच्या संघटनांनी निवडून द्यावीत, आयुक्तांनी नेमू नयेत. बैठक कामाच्या वेळेनंतर, लोकांच्या भाषेत व उघड्या दाराने व्हावी. ज्याचा रोज बुडेल त्यास भत्ता मिळावा, नाहीतर पोट भरलेलेच तेवढे सभेस येतील. कोणत्या वस्तीत, कोणत्या वेळी, कशामुळे मारामारी झाली याचा गोषवारा, कोणाचे नाव न घेता, दर महिन्यास फळ्यावर लागावा. मंडळाच्या प्रत्येक सूचनेस पालिकेने व पोलिसांनी तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नकार असेल तर कारणासह. पोलिसांच्या वागणुकीबद्दलची गाऱ्हाणीही येथे ऐकली जावीत, कारण ९०० पैकी ३५६ चा हिशेब आम्ही विसरलेलो नाही.

आणि एक कुंपण घालावे. खेड्यांत २००७ सालापासून तंटामुक्तीची मोहीम चालली, बक्षिसे मिळाली. बांधाचा वाद गावात मिटला तर चांगलेच. परंतु बलात्कार, जातीचा अत्याचार किंवा बाईचा जीवघेणा छळ हा 'तंटा' नव्हे, गुन्हा आहे. तेथे मंडळाने तडजोडीचा शब्दही काढू नये. फिर्यादीस धीर द्यावा व कोर्टाची वाट दाखवावी. गरिबाचे तोंड दाबून राखलेली शांतता ही शांतता नव्हे.

१८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे कामकऱ्यांत सलोख्यासाठी झटले. त्या कामकऱ्यांस ते आपले वाटत, म्हणून त्यांचा शब्द चालला. ठाण्यातील खुर्चीवर बसून तो शब्द मिळत नसतो.

तेव्हा शेतकरी-कामकरी बांधवांनो व भगिनींनो, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक मते मागावयास येईल तेव्हा त्यास पाणी द्या, बसावयास घोंगडी द्या आणि एकच प्रश्न विचारा, 'हे मंडळ कधी नेमणार, आणि त्यात आमचा माणूस कोण?' खेड्यातल्यांनी शहरातल्या आपल्या मुलास हाच प्रश्न फोन करून शिकवावा. राखण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केली. आता निवाड्यातही आम्ही बसणार. उंबऱ्याबाहेर उभे राहण्याचे दिवस संपले.