पंप पाठीवर घेणाऱ्याच्या लेकरानं मेंदू का शिकू नये?

कपाशीवर फवारणी करताना मजुराला गरगरतं, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले.

यात घडतं काय? मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो एका रसायनातून. निरोप पोचला की ते रसायन साफ करणारं एक विकर शरीरात असतं. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं ते विकरच बंद पाडतात. निरोप थांबत नाही, स्नायू फडफडत राहतात, शेवटी श्वास अडतो. किडा याच रीतीने मरतो अन् माणूसही.

ही माहिती मेंदू आणि मज्जातंतूंच्या अभ्यासातून मिळाली. पण मंडळी, पंप बहुधा मालकाच्या पाठीवर नसतो. तो वस्तीवरच्या, तांड्यावरच्या, पाड्यावरच्या माणसाच्या पाठीवर असतो, आणि त्या घरातलं लेकरू प्रयोगशाळेत अभावानेच दिसतं. वीस वर्षं थोडं थोडं विष अंगावर घेणाऱ्याची झोप, आठवण, हातांची थरथर यांचं काय होतं, हा प्रश्न ज्याचा बाप फवारतो त्याला आधी सुचणार.

फीट आली की आपल्याकडे अजून कांदा नाही तर चप्पल हुंगवतात. फीतकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातातून पोटात गेली तर मेंदूत गाठ होऊन फीट येऊ शकते, माळकऱ्यालासुद्धा. म्हणजे गावच्या संडासाचा संबंध थेट मेंदूशी आहे! ग्रामसभेत हे आपल्या भाषेत सांगणारं कुणी गावचंच हवं.

खेड्यातला माणूस असं काम करू शकतो का, अशी शंका कुणी काढेल. विंचवाचं विषही मज्जातंतूंवरच हल्ला करतं. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून महाडला असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरीब शेतकऱ्याच्या घरचे.

बारावी सायन्सनंतर ‘नीट’ लागली नाही की पोरगं थेट भरतीच्या मैदानावर जातं. भरती वाईट नाही, पण दुसरी वाट कुणी दाखवतच नाही. पुण्यात २००६ पासून आयसर आहे. तिथली प्रवेश परीक्षा वेगळी असते. तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी., एम.एस्सी. करूनही पुढे पीएच.डी.ला जाता येतं, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये किंवा मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात. नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने सुरुवातीला महिना ३७ हजार मिळतात, म्हणजे बापानं शेत विकायची गरज नाही.

घोडं अडतं ते कागदावर. या संस्था केंद्राच्या. तिथे राज्याचा दाखला चालेलच असं नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो. भटक्या-विमुक्तांना तर राज्यात वेगळं आरक्षण, पण केंद्राकडे त्यातल्या बहुतेक जमाती ओबीसीत धरतात. हे कळेपर्यंत फॉर्मची तारीख उलटते. तलाठी आणि ग्रामसेवक (पदनावं बदलली तरी काम तेच) यांनी हायस्कूलच्या सरांना विचारून, सायन्सला बसणाऱ्या तांड्या-वस्तीवरच्या पोरा-पोरींची यादी करावी आणि बारावीच्या दिवाळीपूर्वी हा दाखला त्यांच्या हातात पडेल असं बघावं. पोरींची नावं आधी लिहा. त्यांची सोयरीक त्याच वर्षी बघायला घेतात.