शिलकी विजेचा बंदोबस्त

सौर वीज वाया जाते असे मी या स्तंभात लिहिले तेव्हा, 'जादा वीज आहेच कोठे?' असा आक्षेप ज्या वाचकांनी घेतला होता, त्यांचे उत्तर मला या सप्ताहात मुळशी खोऱ्यातील, वीजमंडळाची तार न पोहोचलेल्या एका शेतघरी मिळाले. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा संच माध्यान्हापूर्वीच भरला होता, चार्ज कंट्रोलरने त्यांच्या रक्षणार्थ पॅनेलची वीज रोखून धरली होती, आणि निरभ्र आकाशाखाली पॅनेल निरुद्योगी पडलेले असताना त्याच आवारात पाणी तापविण्यासाठी चुलीत लाकडे जळत होती. ठेकेदाराने तजवीज सुचविली ती अशी की, आणखी बॅटऱ्या घ्याव्यात, आणि तूर्त टायमर लावून गीझर बारा ते दोन चालवावा.

हा टायमरच मला मुळीच मान्य नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1903 साली खडकवासल्याच्या जलाशयावर जे स्वयंचलित दरवाजे बसविले, ते पंचांग पाहून उघडत नसत. पाणी नेमून दिलेल्या पातळीवर चढले की उघडत, उतरले की मिटत, आणि म्हणूनच भिंतीस धोका न पोहोचविता सांडव्याच्या माथ्याहूनही वर पाणी साठविता आले. शेतघरातील जलपातळी म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज. चार्जिंगच्या अखेरीस तो 57.6 पर्यंत जातो. तो 56 च्या वर दहा मिनिटे टिकला की रिलेने जादा भारासाठी ठेवलेला स्वतंत्र इन्व्हर्टर सुरू करावा, आणि ढग येऊन तो 52 च्या खाली उतरताच, म्हणजे बॅटरीचा साठा खर्ची पडू लागण्यापूर्वीच, बंद करावा. या दोन पातळ्यांमधील अंतर अत्यावश्यक होय. ते नसेल तर भार लागताच व्होल्टेज घसरेल, भार सुटताच चढेल, आणि इन्व्हर्टर क्षणोक्षणी चालू-बंद होत राहील. आषाढातील अंधारलेल्या दुपारी टायमर मात्र साठ्यातूनच गीझर चालवील व रात्रीचे दिवे मालवील.

खडकवासल्याचे वाहून गेलेले पाणी निदान नदीपात्रात दिसे. पॅनेलमधून न उचललेली वीज उत्पन्नच होत नसल्याने तिची नोंद कोणत्याही जमाखर्चात उमटत नाही, आणि म्हणून तिची फिर्यादही कोणी करीत नाही. ज्या पुण्यात विश्वेश्वरय्या शिकले, तेथून बाहेर पडणाऱ्या तरुण अभियंत्यांस हे दरवाजे कोणी दाखवीत नसावे, ही माझी जुनी तक्रार आहे. ते पाहिलेला मनुष्य टायमर सुचविणार नाही, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.

शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापविण्यास साडेतीन युनिट पुरतात. जादा भाराचा इन्व्हर्टर रिकामा असताना बंद राहिला तर त्याचा स्वतःचा वीस वॅटचा खर्च, म्हणजे दिवसाकाठी सुमारे अर्धे युनिट, तोही वाचतो. लिथियम बॅटरीत मात्र व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतो, तेव्हा तेथे येणारा-जाणारा प्रवाह मोजणाऱ्या शंटवरच भिस्त ठेवावी लागते. त्या शेतघराच्या मालकांच्या बॅटऱ्या शिशाच्या आहेत; नव्या बॅटऱ्यांची मागणी तहकूब करून आधी रिले बसवून घ्या, असे मी त्यांस आग्रहाने सांगून आलो आहे.