एका छपराखाली

मुरबाडला अजून रेल्वे नाही. त्यामुळे निम्मे जण कल्याणला, निम्मे आसनगावला लोकलमध्ये चढले आणि आम्ही मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठलं. १९२२ साली लोकांसाठी उघडलेल्या या घुमटाखाली खरं तर तीन संग्रहालयं आहेत: कलेचं, पुरातत्त्वाचं आणि प्राणी-पक्ष्यांचं. सगळं नीट बघायचं तर एक दिवस पुरत नाही. आमची मंडळी मूर्तींपुढून भराभर गेली. रेंगाळली ती पेंढा भरलेल्या पक्ष्यांपाशी. माहुली गडाच्या पायथ्याची एक आजी काचेला नाक लावून ठाकरी बोलीत एकेकाचं नाव सांगू लागली, तेव्हा पाट्या वाचणारे गप्प झाले.

परतताना वाटलं, नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख, जकातीचा दगडी रांजण, म्हशाच्या जत्रेतली घोंगडी, तारपा, इरलं हे सगळं आपल्याच मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत किंवा त्यांच्या वेशीवर आहे. लेख आणि रांजण जागचे हलायचे नाहीत, हलूही नयेत. पण इरली माळ्यावर कुजताहेत.

तुमच्या माळ्यावर काय आहे? फोटो काढा, वस्तूचं तुमच्या बोलीतलं नाव लिहा आणि पाठवा. पुढच्या अंकात पानं राखून ठेवली आहेत.